निकिताच्या नावाने

सर, परवा तुमच्या घरी येऊन गेले. तुम्ही असताना यायची छाती झाली नाही, तुम्ही गेल्यावर आले. डहाणूहून तलासरी म्हणजे काही लंडन नाही, चारोटीला हायवे धरला की आलंच. तरी जवळजवळ दोन वर्षं मी तुम्हाला फोनवर "नेटवर्क नाही सर" सांगत राहिले आणि तुम्ही "बरं, बरं" म्हणत राहिलात. आता तुमच्याशी बोलायला नेटवर्कचं निमित्त सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुम्ही ओळखायचात ते निकिताला. धाकट्या डहाणूतली, बोटवाल्याची पोरगी, तुमची ऑनलाइन व्हायोलिनची विद्यार्थिनी. मी तिची आई, मंदा. बाजारात सुकी मासळी विकते. माझ्याशी, म्हणजे मंदाशी, तुम्ही आयुष्यात एकदाच बोललात, क्लास ठरवायला मी फोन केला होता तेव्हा. सगळं ठरल्यावर मी भीतभीत विचारलं, "सर, तिच्याबरोबर मीपण शिकायला बसले तर चालेल का?" तुम्ही मोकळं हसलात. "ताई, मोठ्यांना मी घेत नाही. मनगट एकदा आखडलं की आखडलं. पोरीला बसवा, तुम्ही चहा प्या." बाजारात मला कोणी असं बोललं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तुम्हाला मात्र "बरं सर" म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्ही मास्तर, जन्मभर पोरांना शिकवलेलं, तुमचंच खरं असणार असं वाटलं.

तिच्या मामाने मुंबईहून आणलेलं ते व्हायोलिन. वरच्या खोलीत, जाळी ठेवतो तिथे, निकिता मांडी घालून बसायची, समोर तांदळाच्या डब्याला माझा फोन टेकवलेला. मी दाराशी जवळा निवडत बसायचे. तुम्ही काय सांगताय ते तिच्यापेक्षा मलाच जास्त कळायचं, कारण तिचं अर्धं लक्ष स्वतःच्या फोनवरच्या मेसेजमध्ये. ती कॉलेजला गेली की मी साबणाने हात धुवायचे, बोटांचा वास घेऊन बघायचे, परत धुवायचे, आणि मग दार लावून ते उचलायचे. नवरा खालून ओरडायचा, "मांजराला पिळतेस का गं?" मी वरून शिवी द्यायचे आणि परत गज ओढायचे.

मग निकिताला वापीला कंपनीत नोकरी लागली. "मला नको आई ते, हॉस्टेलला कुठे वाजवू?" म्हणाली आणि गेली. क्लास बंद केल्याचं तुम्हाला कळवायचं काम माझ्यावर. आज सांगू, उद्या सांगू करता करता क्लासची वेळ झाली आणि तुमचाच फोन वाजला. उचलला. "निकिता, उशीर झाला. सा लाव." आमच्या दोघींचा आवाज फोनवर सारखा, तिचा मामासुद्धा फसतो. मी सांगणारच होते, सर, शप्पथ. 'ती वापीला गेली, क्लास बंद' एवढंच तर बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "हो सर." आणि मी सा लावला. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "आज गज सरळ आहे. शाब्बास." त्या दिवशी तुम्ही मला झापलं असतं ना, तर मी तिथल्या तिथे खरं बोलून मोकळी झाले असते. पण शाब्बास म्हणालात! शाळा सुटल्यापासून मला कोणी शाब्बास म्हटलेलं आठवत नव्हतं.

पुढच्या क्लासला तुम्ही म्हणालात, "आजही दिसत नाहीस." मी म्हटलं, "नेटवर्क नाही सर, व्हिडिओ लावला की आवाज तुटतो." तुम्ही म्हणालात, "राहू दे. मला बघायची गरज नाही, मला ऐकून दिसतं." आणि खरंच दिसायचं हो! "कोपर वर गेलंय." बघावं तर कोपर वर. "गजाला राळ लावली नाहीस आज." नव्हती लावली. "पोक काढून बसू नको." मी दचकून जाळ्यांच्या ढिगाकडे बघायचे, तुम्ही तिथे लपून बसलाय की काय! सगळं ऐकून दिसायचं तुम्हाला, वय तेवढं दिसलं नाही.

एकदा कितीतरी दिवस तुम्ही माझ्या पाठी लागला होतात. "तुझा सा मध्येच मरतो. गज पुरा ओढ. दम नाही का?" मी टोकापासून टोकापर्यंत ओढायचे आणि तुम्ही म्हणायचात, मेला. रडकुंडीला आले. शेवटी निकिताला फोन केला तर ती हसायलाच लागली. "आई, फोनला वाटतं तो पंख्याबिंख्याचा आवाज आहे. तो कापून टाकतो. त्याचं सेटिंग असतं." तिने सांगितलं तसं केलं. मग मी सा ओढला, लांब, पार गज संपेपर्यंत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणालात, "असा." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी दिवसभर मी तो 'असा' घेऊन फिरत होते. गिऱ्हाइकांना सुकट जास्त घातली गेली.

निकिताला वाटलं होतं मी तुम्हाला खरं सांगितलंय आणि भांडून तुम्हाला तयार केलंय. माझा स्वभाव बघता कोणालाही तसंच वाटलं असतं.

आणि सर, तुम्ही माझी काळजी केलीत. ते कसं सांगू! पापलेट साफ करताना विळीने बोट कापलं होतं, तार दाबता येत नव्हती. तुम्ही लगेच ओळखलंत. "बोटाला काय झालं?" "कापलं सर, मासे करताना." तुम्ही असे चिडलात! "आईला सांग, पोरीला विळीवर बसवायचं नाही. वाजवणारे हात आहेत ते. आईला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं, "सांगते सर." माझ्या हातांसाठी आजवर कोणी कोणाशी भांडलं नव्हतं. आई नाही, नवरा नाही, कोणी नाही. तुम्ही भांडलात, तेही माझ्याशीच. फोन बंद केला आणि पदर तोंडात घालून हसले, आणि हसता हसता रडायला आलं.

दुसऱ्या वेळी म्यूट करायचं विसरले. खाली बर्फवाला अर्धवट लादी टाकून निघाला होता, मी खिडकीतून त्याचा बाप काढला. परत येऊन बसले तर तुम्ही म्हणताय, "आईचा आवाज खणखणीत आहे." मी म्हटलं, "हो सर, आई जरा तापट आहे." "तिला सांग, पोरीचा क्लास चालू असताना भांडायचं नाही." मी तेही सांगितलं, मलाच. आणि पाळलं. बर्फवाला अजून विचारतो, संध्याकाळची तुमची तब्येत बरी नसते का.

फोनवर दोघांनी एकदम वाजवलं की आवाज पुढेमागे येतो, म्हणून आपण कधी एकत्र वाजवलंच नाही. तुम्ही वाजवायचात तेव्हा मी थांबायचे, मी वाजवायचे तेव्हा तुम्ही थांबायचात. आमच्या घरात सगळे एकदम बोलतात. कोणीतरी गप्प राहून मी संपवीपर्यंत ऐकतंय, ही गोष्ट मला त्या फोनवर पहिल्यांदा मिळाली. त्याचं मोल तुम्हाला सांगायचं राहिलं.

एक भांडणही राहिलंय. मी एकदा निकिता होऊन विचारलं, "सर, मोठ्या माणसाला मनापासून वाटलं तरी नाही का येणार?" तुम्ही म्हणालात, "आई विचारतेय का?" मी म्हटलं, "हो, सहज." तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. तुम्ही मासळीवाले, तुम्हीच सांगा, सुका बोंबील परत पाण्यात सोडला तर पोहतो का?" मलाही हसू आलं, चांगलं बोलायचात तुम्ही. पण रात्रभर डोक्यात उत्तरं शिजत होती. सर, पोहत नाही. पण भिजतो, मऊ होतो, आणि वांगं घालून केला तर ताज्याला मागे सारतो. हे मी दुसऱ्या दिवशी बोलायला हवं होतं. माझ्या आवाजात, माझ्या नावाने. मी काय केलं? भूप वाजवला आणि तुमच्याकडून "छान" ऐकून घेतलं.

त्यानंतर ती मींड बसली तो दिवस. ग वरून प वर सरकायचं ते कितीतरी दिवस जमत नव्हतं, आणि एकदम जमलं. तुम्ही म्हणालात, "निकिता, ही तुझ्या वयातच बसते हं. तिशीनंतर शिकायला लागली असतीस तर जन्मात आली नसती." सर, मला अठ्ठेचाळिसावं चालू होतं. मी फोनसमोर तोंडावर हात दाबून बसले. वाटलं, आत्ता व्हिडिओ लावावा, हे थोबाड दाखवावं आणि म्हणावं, बघा मास्तर! पण तुम्ही पुढे बोलायला लागला होतात. किती खुशीत होतात. "आता मला चिंता नाही. माझ्याकडे जेवढं आहे तेवढं तुला देतो. तुझ्यापुढे अख्खं आयुष्य आहे, तू पुढे ने." माझ्यापुढे गुडघेदुखी आहे, सर. पण तुमचा आवाज इतका निवांत झाला होता की बोलवेना.

नाही, तेही पूर्ण खरं नाही. तुमचं मन मोडेल म्हणून गप्प बसले, असं मी नंतर निकिताला सांगितलं. तुम्हाला तरी खरं सांगते. मला भीती होती तुम्ही क्लास बंद कराल. लाज वाटायची, पण लाजेपेक्षा हाव मोठी होती. तुम्ही एका वीस-बावीस वर्षांच्या पोरीवर आशा लावून बसला होतात आणि त्या पोरीच्या ताटातलं मी ओरपत होते.

शेवटच्या क्लासला तुम्ही मधे मधे थांबत होतात, दम लागत होता. "सर, बरं नाही का?" तर म्हणालात, "हवा बदललीय." मग म्हणालात, "पुढच्या वेळी कसंही करून व्हिडिओ लाव. तुझा हात एकदा बघायचाय." मी नेहमीसारखं "बघते सर" म्हटलं. पुढच्या वेळी तुमचा फोनच आला नाही. मी दोनदा लावला, वाजून बंद झाला. मनातल्या मनात मी, सर, जरा सुटकेचा श्वास सोडला होता. व्हिडिओ टळला म्हणून.

मग तुमच्याच नंबरवरून तुमच्या मिसेसचा, काकूंचा, फोन आला. "निकिता का?" मी म्हटलं, "हो." "सर गेले गं." आणि मी रडले, खूप रडले, पण निकिता होऊन रडले. तुम्ही गेलात हे ऐकल्यावरसुद्धा मला माझ्या नावाने रडता आलं नाही. काकू मला समजावत होत्या, "बाळा, रडू नको. त्यांनी सांगून ठेवलंय, त्यांचं व्हायोलिन तुलाच द्यायचं. दिवस झाले की ये. आईलाही घेऊन ये."

निकिताला सगळं सांगितलं. ती सुटलीच. "आई, तू एवढे दिवस माझं नाव लावून बसायचीस? माणूस मरून गेला गं! कसं झोपायचीस तू?" माझ्यासमोर आवाज चढवायची आमच्या गल्लीत कोणाची टाप नाही. मी ऐकून घेतलं. ती म्हणाली, "मी येते. पण खोटं बोलणार नाही. मी गप्प बसेन, बोलायचं ते तू बोल."

ती वापीहून आली, मी डहाणूहून, तलासरीच्या नाक्यावर भेटलो. तुमचं घर मी मनात वेगळंच रंगवलं होतं. ओटीवर भाताची पोती, भिंतीला टेकवलेली कणगी, आणि तिथेच ती तुमची खुर्ची, जिच्या करकरण्यावरून मला कळायचं की तुम्ही पुढे झुकलात, आता बोलणी बसणार. काकूंनी पाणी दिलं, चहा दिला. निकिताच्या गालाला हात लावला. "तुझ्याबद्दल एवढं बोलायचे! रोज संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवायचे. मी भाकऱ्या करता करता तुझंच ऐकायचे." आत जाऊन तुमचं व्हायोलिन आणलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "वाजव गं थोडं. घर मुकं झालंय."

निकिताने ते उघडलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिली. अख्खा बाजार ज्या तोंडाला घाबरतो ते तोंड माझं, आणि जीभ टाळूला चिकटलेली.

"काकू, ती नाही. मी."

"तुम्ही काय?"

"रोज वाजवायचे ती मी. निकिता कधीच नोकरीला गेली. सरांना माहीत नव्हतं."

मला वाटलं ओरडतील. चालतं मला ओरडणं, त्याला मी पुरून उरते. त्यांनी विचारलं, "वय काय तुमचं?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि शिकायला कधी लागलात?"

"तिच्याबरोबरच. सेहेचाळीस पुरी झाली होती."

त्यांनी निकिताच्या मांडीवरचं व्हायोलिन उचललं, लुगडं सोडलं आणि माझ्यापुढे धरलं. मग म्हणाल्या, "वाजवा."

तुमचं वाद्य, सर. माझ्याकडच्यापेक्षा जड, तारा उंच. पहिला सा फाटला. हाताला एवढा घाम की बोट घसरलं. मग मी डोळे मिटले, समोर तांदळाचा डबा आहे असं धरून चालले आणि भूप वाजवला. ती मींडही घेतली. थांबून डोळे उघडले तर काकू रडत होत्या. मी मूर्खासारखी मनातून सुखावले, की बघा, सरांची आठवण आली माझ्या वाजवण्याने.

काकू म्हणाल्या, "मी मागितलं होतं त्यांच्याकडे. मुलं मोठी झाली तेव्हा. मला शिकवा म्हटलं. म्हणाले, आता हात वळायचा नाही. मी मानलं. बाकी कशात ऐकलं नसतं, पण गाण्याबजावण्यातलं त्यांना कळतं म्हणून मानलं. इतकी वर्षं त्या व्हायोलिनच्या पेटीवरची धूळ पुसली, पण तारेला बोट लावलं नाही." पदराने डोळे पुसले. "ते चुकत होते. चुकतात, हे तुम्हाला माहीत होतं, दोन वर्षं. रोज याच घरात फोनवर होतात तुम्ही. आणि बोलला नाहीत."

"त्यांनी क्लास बंद केला असता, काकू."

"केला असता. हट्टीच होते. पण तुमचं वाजवणं ऐकलं होतं ना त्यांनी. चार दिवस धुसफुसले असते, मग व्हायोलिन घेऊन मला शिकवायला बसले असते. मी ओळखते त्यांना."

निकिता खाली बघत होती. मला वाटत होतं जमीन दुभंगावी आणि आत घ्यावं. सर, मी समजत होते मी तुम्हाला फसवलं, फार तर एका पोरीचा मान चोरला. भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत कोणी बसलंय आणि माझ्या एका 'मी मंदा'साठी त्या बाईचं आयुष्यभराचं अडलंय, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुमच्याशी भांडले असते तर तुम्ही हरला असतात. आणि तुम्ही हरायला हवं होतं, सर, तुमच्याच घरासाठी.

काकूंनी व्हायोलिन माझ्या हातातून घेतलं. मला वाटलं आता परत लुगड्यात गुंडाळून ठेवतील. त्या जमिनीवर बसल्या, मांडी घालताना गुडघा धरला, आणि म्हणाल्या, "धरायचं कसं, दाखवा."

मी समोर बसले. त्यांचा हात हातात घेतला. मनगट पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखं, वळतच नव्हतं. बोटं सांध्यात जाड झालेली, तारेवर ठेवली की दोन तारांवर पडत होती. गज तिरका गेला, किर्र झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सत्तरीला टेकलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी घाबरून. आणि सर, माझ्या तोंडात वाक्य आलं. अगदी ओठांपर्यंत. 'काकू, या वयात आता हात काही...' मी! मीच!

कसंबसं गिळलं ते. मान वर करून त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"परत ओढा," मी म्हटलं. "मी धरलंय मनगट."